वाचकांचे प्रश्न : रिकिशी, त्याचे मामा आणि त्याची पोरं

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीचा स्टार रोमन रेन्स, त्याच्यावर सगळीकडे एवढं लिहून आलंय की त्याच्याबद्दलचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवले, माफ करा. पण त्यातले बरेच प्रश्न फिरून फिरून त्याच्या खानदानावर येत होते, आणि त्या खानदानाची गोष्ट नीट कळायची असेल तर माझ्या मते रिकिशी या जुन्या पैलवानाकडे बघायला हवं, कारण वरती त्याचे मामा, खाली त्याची पोरं, आणि मधली सगळी खेचाखेच या माणसाने एकट्याने सोसलीय. म्हणून हा अंक त्याचा. काही प्रश्न कापून छोटे केलेत, राग नसावा.

प्रश्न : रोमन, उसो, रॉक, रिकिशी, उमागा, योकोझुना हे खरंच एकमेकांचे नातेवाईक आहेत की कंपनीने टीव्हीसाठी जुळवलेलं आहे? जो तो ज्याचा त्याचा कझिन कसा काय असतो?

खरे नातेवाईक आहेत, एक रॉक (सिनेमातला ड्वेन जॉन्सन) सोडला तर रक्ताचे. आफा आणि सीका या दोन भावांपासून सुरुवात करा म्हणजे गोंधळ होणार नाही. आडनाव आनोआई, टीमचं नाव वाइल्ड समोअन्स (समोअन म्हणजे पॅसिफिकमधल्या समोआ बेटांचे), १९८० ते १९८३ मध्ये तीनदा डब्ल्यूडब्ल्यूएफचे (म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई) टॅग टीम, म्हणजे जोडीचे, चॅम्पियन. यांची बहीण फाटूंच्या घरात दिलेली, आणि तिची तीन पोरं रेसलिंगमध्ये आली : सॅम म्हणजे ८० च्या दशकातला टोंगा किड, सोलोफा म्हणजे आपला रिकिशी आणि एडी म्हणजे उमागा. म्हणजे आफा-सीका हे रिकिशीचे सख्खे मामा. सीकाचा मुलगा रोमन, म्हणून तो रिकिशीचा मामेभाऊ, आणि रोझी आठवत असेल (हरिकेनबरोबर सुपरहिरोच्या ड्रेसमध्ये यायचा तो) तर तो रोमनचा मोठा भाऊ. योकोझुना पण याच गोतावळ्यातला. जिमी उसो, जे उसो आणि सोलो सिकोआ ही रिकिशीची मुलं, आणि सध्या धुमाकूळ घालणारा जेकब फाटू हा सॅमचा मुलगा, म्हणजे रिकिशीचा पुतण्या.

आता गंमत बघा, आपल्या हिशेबाने रोमन उसो जुळ्यांचा काका लागतो, पण रोमन जन्मला मे १९८५ मध्ये आणि पुतणे ऑगस्ट १९८५ मध्ये, म्हणजे काका तीन महिन्यांनी मोठा. टीव्हीवर एवढं कोण समजावत बसणार, म्हणून सगळे कझिन.

रॉकचं वेगळं आहे. त्याचे आजोबा पीटर मायविया आणि आफा-सीकाचे वडील यांनी एकमेकांना रक्ताचे भाऊ मानलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरं स्वतःला एकच समजतात. मानलेलं नातं आहे, पण तीन पिढ्या पाळलंय.

प्रश्न : समोआ जो पण यांच्यातलाच ना?

नाही. समोअन आहे, कॅलिफोर्नियाचा आहे, या घरातला नाही.

प्रश्न : मी लहानपणी रिकिशीला फक्त नाचताना आणि लोकांच्या तोंडावर बसताना पाहिलंय. मित्र म्हणतो तो त्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं वेगवेगळ्या नावांनी खेळत होता. खरं आहे का?

मित्र बरोबर आहे, आणि खरं म्हणजे तोच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग आहे.

सोलोफा फाटू ज्युनियर जन्मला सॅन फ्रान्सिस्कोत, ११ ऑक्टोबर १९६५ ला. तरुणपणी तिथे रस्त्यावरच्या गोळीबारात त्याला गोळी लागली होती, त्यातून तो वाचला, आणि मग मामांकडे पेनसिल्वेनियात जाऊन रेसलिंग शिकला. ८० च्या दशकाच्या मध्यापासून तो आफाचा मुलगा सामू याच्यासोबत टॅग टीममध्ये. दोघांची टीम समोअन स्वॅट टीम, आधी टेक्सासमध्ये गाजली, मग १९८९ मध्ये एनडब्ल्यूए या दुसऱ्या मोठ्या कंपनीत. तिथे त्यांचा मॅनेजर कोण होता माहितीये? पॉल ई. डेंजरसली, म्हणजे आजचा पॉल हेमन. पुढे रोमनच्या मागे बेल्ट धरून उभा राहिलेला माणूस त्याच्या तीस वर्षं आधी रोमनच्या चुलत-आते भावांच्या मागे हातात मोबाइल फोन घेऊन उभा होता, त्या काळी मोबाइल विटेएवढा असायचा.

१९९२ मध्ये हीच जोडी डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आली ती हेडश्रिंकर्स म्हणून. नावं फाटू आणि सामू, पाय अनवाणी, केस पिंजारलेले, तोंडातून शब्द नाही नुसतं गुरगुरणं, आणि सोबत मॅनेजर म्हणून स्वतः आफा. १९९४ च्या एप्रिलमध्ये क्वेबेकर्सना हरवून ते टॅग टीम चॅम्पियन झाले आणि ऑगस्टमध्ये शॉन मायकल्स आणि डीझलकडे हरले. कंपनीने मध्येच कॅप्टन लू अल्बानोला पण आणलं होतं, हा तोच जो आफा-सीकाचा मॅनेजर होता. मग सामू गेला, त्याच्या जागी बार्बेरियन आला सिओने या नावाने, आणि या रानटी माणसांना सुधारायचं म्हणून त्यांना बूट घालायला लावले, आणि ते बुटात अडखळतायत हा विनोद. असो.

१९९५ मध्ये टीम संपली आणि फाटू एकटा उरला. तेव्हा त्याला 'मेक अ डिफरन्स' हे गिमिक (रिंगमधलं पात्र) दिलं, म्हणजे वाईट वस्तीतून गोळी खाऊन वाचलेला माणूस आता पोरांना सांगतो की चांगल्या मार्गाला लागा. आयुष्यातली खरी गोष्ट होती हो, पण ती दाखवली अशी की शाळेत पाहुणे बोलवून भाषण ठेवल्यासारखं वाटायचं, लोकांनी अजिबात मनावर घेतलं नाही. म्हणजे बघा, खोटा रानटी म्हणून लोक बघत होते आणि खरा माणूस समोर आणला तर कुणाला नको होता. अर्थात खरा माणूस आणायची पण एक पद्धत असते.

आणि मग १९९६ च्या शेवटी आला सुलतान. हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी शोधून बघावं. फाटूच्या तोंडावर मास्क, अरबी ड्रेस, मॅनेजर आयर्न शीक आणि बॉब बॅकलंड, आणि स्टोरी अशी की याची जीभ कापलेली आहे म्हणून हा बोलत नाही. समोअन माणूस, सॅन फ्रान्सिस्कोचा, त्याला आखाती देशातला मुका योद्धा केलं. आणि रेसलमेनिया (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) १३ मध्ये, २३ मार्च १९९७ ला, शिकागोजवळ, हा सुलतान इंटरकॉन्टिनेंटल बेल्टसाठी (वर्ल्ड टायटलच्या खालचा) लढला कोणाशी, तर रॉकी मायवियाशी. म्हणजे रॉकशी! रॉकचा तो पहिला रेसलमेनिया. एकाच खानदानाची दोन पोरं एवढ्या मोठ्या स्टेजवर समोरासमोर, आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही कारण एकाचं तोंड झाकलेलं. मॅच रॉकने जिंकली, नंतर त्याला मारायला लागले तर त्याचे वडील रॉकी जॉन्सन धावत आले. घरचंच लग्न आणि एक भाऊ वाढप्याच्या कपड्यात.

सुलतान पण चालला नाही. मग काही काळ तो बाहेर, लहान लहान शोमध्ये.

प्रश्न : जुन्या मॅचमध्ये समोअन पैलवानाचं डोकं टर्नबकलवर (रिंगच्या कोपऱ्यात दोर बांधतात तिथे) आपटलं तरी त्याला काही होत नाही, उलट मारणाराच कळवळतो. असं का?

कारण प्रमोटर लोकांनी ठरवलं होतं की बेटावरच्या माणसाचं डोकं दगडाचं असतं. दुसरं काही कारण नाही. आफा-सीका टीव्हीवर कच्चे मासे खायचे, इंग्लिश कळत नाही असं दाखवायचे, आणि पडद्यामागे ही माणसं अमेरिकेत राहणारी, इंग्लिश बोलणारी. दहा-बारा वर्षांनी हेडश्रिंकर्सला तेच, आणि २००६ मध्ये उमागा आला तर त्यालाही तेच, चेहरा रंगवलेला, बोलायचं नाही, बोलायला दुसराच मॅनेजर. योकोझुनाला तर थेट जपानी सुमो केलं, तो पण सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेला.

मला विचाराल तर यात नुसता राग धरून उपयोग नाही, कारण याच रोलवर या घराने पैसे कमावले, नाव कमावलं, आणि आफा-सीका तर ते काम असं काही करायचे की लोक खरोखर मागे सरकायचे. पण एका घरातल्या माणसांना वीस-पंचवीस वर्षं बोलूच दिलं नाही हेही तितकंच खरं, आणि आज त्याच घरातला माणूस माइक घेऊन वीस-वीस मिनिटं बोलतो आणि अख्खं स्टेडियम गप्प बसून ऐकतं, तेव्हा हे आठवतं.

प्रश्न : मग रिकिशी कसा तयार झाला? आणि एवढा लोकप्रिय का झाला?

नोव्हेंबर १९९९ मध्ये तो परत आला, आधी रिकिशी फाटू आणि मग नुसता रिकिशी. केस पिवळे केलेले, सुमोसारखा लंगोट, वजन चारशे पौंडाच्या वर, वय ३४. कागदावर हे गिमिक वाचलं असतं तर मी म्हटलं असतं झालं, अजून एक चेष्टा. पण त्याला जोडून दिलं टू कूलच्या दोन पोरांना, स्कॉटी टू हॉटी आणि ग्रँडमास्टर सेक्से, आणि मॅच संपली की लाइट कमी व्हायचे, म्युझिक लागायचं, रिकिशी गॉगल लावायचा आणि हे तिघे नाचायचे. बस. एवढंच.

आणि तो नाचायचा मस्त हो! हेच तर कुणी लक्षात घेतलं नव्हतं इतकी वर्षं. एवढा जाडा माणूस इतका हलका हलतोय, आणि तो स्वतः हसतोय, त्याला मजा येतेय हे दिसत होतं. रानटी नाही, मुका नाही, भाषण नाही. लोक मॅचपेक्षा मॅच संपायची वाट बघायचे.

जानेवारी २००० चा रॉयल रंबल (तीस जण एकेक करून रिंगमध्ये येतात, वरच्या दोरावरून बाहेर पडला तो बाद) बघा, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला. रिकिशीने सात जणांना बाहेर फेकलं त्यात. पण लक्षात राहतं ते वेगळंच : रिंगमध्ये फक्त तो आणि टू कूलचे दोघं उरतात, तिघं एकमेकांकडे बघतात, पब्लिक ओरडायला लागतं, आणि रंबलच्या मध्यात तिघं नाचतात. नाच संपला की रिकिशी शांतपणे दोघांना उचलून बाहेर टाकतो. मैत्री मैत्रीच्या जागी. त्याला बाहेर काढायला मग बाकीच्या सगळ्यांना एकत्र यावं लागलं.

त्याच वर्षी जूनमध्ये ख्रिस बेन्वाला हरवून इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन झाला, दोनच आठवड्यांत व्हॅल व्हेनिसकडे बेल्ट गेला, किंग ऑफ द रिंग या स्पर्धेच्या फायनलला कर्ट अँगलकडे हरला, आणि जुलैत फुली लोडेडला व्हेनिसशी केज मॅच झाली त्यात हा पिंजऱ्याच्या टोकावर चढला आणि तिथून खाली त्याच्यावर उडी मारली. चारशे पौंड! तरी मॅच हरला कारण टाझने मध्ये येऊन कॅमेरा डोक्यात घातला. हरला पण त्या रात्री लोक बोलत होते ते त्याच्याबद्दलच.

प्रश्न : ते तोंडावर बसणं (स्टिंकफेस) खरंच करायचे का? मला घरच्यांसमोर टीव्ही बंद करावा लागायचा.

खरंच करायचे. समोरचा कोपऱ्यात अर्धमेला बसलेला, रिकिशी पाठ फिरवणार, पब्लिककडे बघणार, विचारणार करू का, आणि मग करणार. यात कुणाला दुखत नाही, फक्त इज्जत जाते, आणि म्हणूनच मोठमोठ्या लोकांवर ते जास्त शोभायचं. रेसलमेनिया २००० ला बेसबॉलचा दिग्गज पीट रोझ बॅट घेऊन केनला मारायला आला, केनने त्याला आपटलं आणि रिकिशीने त्याला प्रसाद दिला. २००१ च्या शेवटी तर खुद्द कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहोन याचं तोंड रॉकने तिथे नेऊन टेकवलं. घरच्यांसमोर बघण्यासारखं नव्हतं हे मान्य, माझीही बाजू मांडायची हिंमत तेव्हा झाली नव्हती.

प्रश्न : एवढा आवडता माणूस, मग ऑस्टिनला गाडीखाली चिरडणारा व्हिलन त्यालाच का केलं? तिथूनच त्याचं करिअर बसलं असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

मला पण तेच वाटतं, पण थोडं वेगळ्या कारणाने. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो. स्टीव्ह ऑस्टिन हा त्या काळातला मोठा स्टार, त्याच्या मानेला १९९७ मध्ये खरी दुखापत झाली होती आणि १९९९ च्या शेवटी ऑपरेशनला पर्याय उरला नाही. त्याला टीव्हीवरून गायब करायचं म्हणून नोव्हेंबर १९९९ च्या सर्व्हायव्हर सिरीजला डेट्रॉइटमध्ये पार्किंगमध्ये कुणीतरी त्याला गाडीने उडवलं असं दाखवलं. कोणी उडवलं ते तेव्हा कंपनीलाही ठरवायची गरज नव्हती. वर्षभराने ऑस्टिन परत आला तेव्हा मात्र उत्तर द्यायला लागलं, तेव्हा टीव्हीवर कमिशनर असलेल्या मिक फोलीने चौकशी केली, आणि ९ ऑक्टोबर २००० च्या रॉ या दर आठवड्याच्या शोमध्ये रिकिशी उभा राहून म्हणाला, मी केलं. का केलं? तर रॉकसाठी केलं. आमच्या लोकांसाठी केलं. आमच्या बेटावरच्या माणसांना इथे कायम मागे ठेवलं, आणि ऑस्टिन बाजूला झाला म्हणून रॉक वर गेला.

आता हे बोलणं नीट ऐका. वर लिहिलेली वीस वर्षं डोळ्यासमोर ठेवून ऐका. हा माणूस गुरगुरलाय, मुका झालाय, बुटात अडखळलाय, आणि आता त्याला माइक दिला आणि तो म्हणतोय की आम्हाला मागे ठेवलं. यात खोटं काय आहे? त्या सगळ्या स्टोरीलाइनमध्ये सगळ्यात खरं वाक्य व्हिलनच्या तोंडी होतं.

पण अडचण अशी की ते ऐकायला कुणी तयारच नव्हतं. एक तर आठवड्यापूर्वी हा नाचत होता, आणि लोकांना तो नाच हवा होता. दुसरं, ज्याच्यासाठी केलं तो रॉक तेव्हा सगळ्यात मोठा स्टार, तो मागे राहिलाय हे कुणाला पटणार? आणि रॉकनेही लगेच हात झटकले, मी नाही सांगितलं, मग रिकिशीच्या बाजूने एक माणूस उरला नाही. सर्व्हायव्हर सिरीज २००० ला रॉकनेच त्याला हरवलं. आणि वरून कंपनीला पण स्वतःच्या कथेवर भरवसा नव्हता, कारण चारच आठवड्यांत, ६ नोव्हेंबरला, कळलं की खरा डोकेबाज ट्रिपल एच हा दुसरा पैलवान होता, रिकिशी नुसता ड्रायव्हर. म्हणजे घराण्याचा राग, मामांचा अपमान, सगळं गेलं कचऱ्यात, आणि हा पुन्हा दुसऱ्याच्या गोष्टीतला हमाल झाला.

त्यात अजून एक. २२ ऑक्टोबरला नो मर्सीमध्ये ऑस्टिनने त्याला बडव बडव बडवला, ट्रक अंगावर घालायला निघाला, ऐनवेळी पोलिस आडवे आले. आणि दुसऱ्याच दिवशी, २३ ऑक्टोबरला, लिव्हरपूलच्या हॉटेलमध्ये योकोझुना गेला. ३४ वर्षांचा. रिकिशी मॅचमध्ये कोपऱ्यातून जी बुड टेकवून उडी मारायचा, बन्झाय ड्रॉप, ती योकोझुनाचीच. करिअरमधल्या सगळ्यात मोठ्या महिन्यात त्याच्यावर हे पण आलं.

आणि आता २०२० ला या. रोमन परत येतो, सोबत पॉल हेमन, आणि पुन्हा तेच वाक्य : मी हे घरासाठी करतोय. पण या वेळी कोणावर? स्वतःच्या घरातल्या जे उसोवर. सप्टेंबरमध्ये एकदा मारलं, ऑक्टोबरमध्ये हेल इन अ सेलमध्ये आय क्विट मॅच, जे उसो हार मानत नाही म्हणून त्याचा भाऊ जिमी याचा गळा आवळला तेव्हा जेने मानली, आणि बाहेर स्वतः आफा आणि सीका उभे, त्यांनी रोमनच्या गळ्यात लाल माळ घातली. कल्पना वीस वर्षांपूर्वीचीच आहे, घराण्याच्या नावावर केलेलं पाप. फरक असा की या वेळी घरातले सगळे पडद्यावर होते, लेखकांनी घाई केली नाही, आणि त्या कथेतला बोलणारा माणूस कुणाचा ड्रायव्हर नव्हता. मार खाणारा मात्र रिकिशीचाच मुलगा होता, ही गोष्ट त्या वेळी टीव्हीवर फार कुणी उचलून धरली नाही, मला ती राहून राहून आठवायची.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : व्हिलन केल्यामुळे करिअर बसलं असं नाही, व्हिलन करून अर्ध्यात सोडल्यामुळे बसलं.

प्रश्न : हे सगळं आधीच ठरलेलं असतं, मग त्याला करिअर कशाला म्हणायचं? नटच ना हे?

दरवेळी एक पत्र असं असतंच. निकाल ठरलेला असतो, जमीन ठरलेली नसते. १० डिसेंबर २००० ला अलाबामात, बर्मिंगहॅमला, आर्मागेडनमध्ये सहा जणांची हेल इन अ सेल मॅच (वर छत असलेल्या पिंजऱ्यातली) झाली : अँगल, रॉक, ऑस्टिन, ट्रिपल एच, अंडरटेकर आणि रिकिशी. मॅकमहोन तो पिंजरा ओढून पाडायला ट्रक घेऊन येतो, फोली त्याला हाकलतो, ट्रक तिथेच राहतो. पुढे रिकिशी पिंजऱ्याच्या छतावर अंडरटेकरच्या तावडीत सापडतो आणि अंडरटेकर त्याला तिथून खाली त्या ट्रकमध्ये ढकलतो. ट्रकमध्ये लाकडाचा भुसा आणि ढलप्या भरलेल्या होत्या. चारशे पौंडाचा माणूस पाठीवर, मागे न बघता. एकदाच करायचं, रीटेक नाही. याला नट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी वाद घालणार नाही. मॅच अँगलने जिंकली बाय द वे, पण ते कुणाला विचारलं तर आठवत नाही.

प्रश्न : या घरातली एवढी माणसं तरुणपणी कशी जातात?

योकोझुना ३४, उमागा ३६ (डिसेंबर २००९), रोझी ४७ (एप्रिल २०१७). प्रत्येकाचं कारण एकच नव्हतं, उमागाच्या बाबतीत हार्ट अटॅकसोबत पेनकिलरसारख्या औषधांचं मिश्रण पण सापडलं होतं. पण वजन हा धागा दिसतोच, आणि वजन यांच्या बाबतीत धंद्याचा भाग होता. योकोझुनाला जेवढा मोठा तेवढा चांगला म्हणून विकलं, आणि मग तोच वजनामुळे चालेनासा झाला तेव्हा कंपनीने वजन कमी कर म्हणून मागे लागायचं, हे काही बरोबर वाटत नाही. रिकिशीलाही जुलै २००४ मध्ये सोडलं तेव्हा वजनाचा मुद्दा होताच. आफा आणि सीका मात्र म्हातारे होऊन गेले, दोघंही २०२४ मध्ये, सीका जूनमध्ये आणि आफा ऑगस्टमध्ये, दोन महिनेसुद्धा अंतर नाही.

प्रश्न : रिकिशीला एकूण बेल्ट किती मिळाले?

मोठ्या कंपनीतले सांगतो. इंटरकॉन्टिनेंटल एकदा. टॅग टीमचे तीनदा : १९९४ ला सामूसोबत, २००२ ला रिकोसोबत (हे भारी होतं, रिको हा समोरच्या टीमचाच माणूस, त्याला ऐनवेळी रिकिशीचा पार्टनर केला आणि तो चुकून जिंकला), आणि २००४ ला स्कॉटीसोबत. वर्ल्ड चॅम्पियन कधीच नाही. २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम, आणि स्टेजवर त्याला आणलं जिमी आणि जे यांनी. सध्या कॅलिफोर्नियात त्याची स्वतःची रेसलिंग शाळा आहे.

वर्ल्ड टायटल पोराने आणलं. जे उसोने २०२५ चा रॉयल रंबल शेवटी जॉन सीनाला काढून जिंकला आणि एप्रिलमध्ये रेसलमेनियात गुंथरला हरवून वर्ल्ड हेविवेट चॅम्पियन झाला. त्याच रात्री पुतण्या जेकबने युनायटेड स्टेट्स बेल्ट घेतला. जेची एंट्री बघितलीत का, सगळं स्टेडियम हात वर-खाली करत नाचतं, तो पब्लिकमधून उड्या मारत येतो. लोक म्हणतात याला मॅच कमी आणि एंट्री जास्त आवडते. अहो, बाप कोण आहे त्याचा!

प्रश्न : नवीन बघणाऱ्याने रिकिशीच्या कुठल्या मॅच बघाव्या?

क्रमाने बघू नका, कंटाळाल. आधी रॉयल रंबल २०००, त्याची एंट्री होते तिथून बाहेर जातो तिथपर्यंत. मग फुली लोडेडची केज मॅच. मग ९ ऑक्टोबर २००० चा कबुलीजबाब, ती मॅच नाही पण बघाच. मग आर्मागेडन. हे झाल्यावर वेळ असेल तर १९८९ ची समोअन स्वॅट टीम शोधा, त्यात तो बारीक आहे, म्हणजे त्याच्या मानाने बारीक, आणि पळतो किती ते बघा. सुलतान सगळ्यात शेवटी, तोही फक्त रेसलमेनिया १३ चा, आणि रॉकचे केस बघून हसू आलं तर आवाज बंद करून बघा, कॉमेंट्रीत काही खास नाही.